पहिले हजार किलोमीटर

सेवा राठोडची पांढरी ॲम्बेसिडर आमच्या औंढ्यात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. नागनाथाच्या दर्शनाला आलेलं कुटुंब हिंगोलीच्या स्टेशनावर सोडायचं असो, बाळंतीण दवाखान्यात न्यायची असो की नवरदेव मिरवायचा असो, लोक सेवाकडे निरोप धाडत. १९९२ साली परभणीच्या एका वकिलाकडून त्यानं ती जुनीच घेतली होती. डिझेलवर चालायची. पुढचं सीट सोफ्यासारखं अखंड; ड्रायव्हरशेजारी दोन माणसं आरामात बसायची, लग्नसराईत तीनही.

त्या सीटवर सेवाची बायको धुरपताबाई इतक्या वर्षांत एकदाच बसली होती. गाडी औंढ्याजवळच्या त्यांच्या तांड्यावर आली त्या दिवशी. नारळ फोडला, चाकांना हळदकुंकू लावलं, आणि सेवानं तिला शेजारी बसवून तांड्याभोवती एक चक्कर मारली. दुसऱ्याच दिवशी गाडी वसमतला लग्नाला गेली. त्यानंतर गाडीतली जागा म्हणजे गिऱ्हाइकाची जागा. धुरपताबाई सकाळी गाडी धुऊन द्यायची, काचा पुसायची, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहायची. शेजारणीनं विचारलं तर म्हणायची, आवाज ऐकून राहिले, काही बिघाड असला तर समजतो.

तिच्या मनात काय होतं ते सेवाला माहीत होतं. तिचं माहेर पैनगंगेच्या पलीकडे, पुसदच्या अलीकडच्या डोंगरातला एक तांडा. एसटीनं जायचं तर हिंगोलीला उतरा, कळमनुरीला उतरा, पुन्हा एक गाडी धरा, आणि मग डोंगर चढा. बाप आधीच गेला होता. आई गेली तेव्हा निरोप इतका उशिरा आला की धुरपताबाई पोचली तोवर सगळं उरकलं होतं. मागं उरला एक धाकटा भाऊ, वसराम. तिच्याहून आठेक वर्षांनी लहान. आई कामाला गेली की त्याला तिनंच कडेवर वागवलेलं, त्यामुळे भावापेक्षा लेकरूच जास्त. तो दर दिवाळीला बहिणीकडे यायचा, दोन दिवस राहायचा, जाताना पुन्हा पुन्हा मागं बघत जायचा. मग तीन-चार वर्षांपासून त्याचं येणं बंद झालं. भांडण नाही, तंटा नाही. निरोप धाडले तर उत्तर यायचं, बरा आहे.

दिवाळी सरली की ती सेवाला म्हणायची, एकदा जाऊन पाहून येऊ. सेवा म्हणायचा, यंदा नक्की. मग तुळशीचं लग्न लागायचं, लग्नाच्या तिथ्या निघायच्या, शिवरात्रीची यात्रा यायची, आणि पाऊस सुरू झाला की तिकडचा रस्ता बंद. तो तिला फसवत नव्हता. दर वर्षी त्याला खरंच वाटायचं की यंदा जाऊ.

२००१ च्या डिसेंबरात जिंतूरच्या रस्त्यावर गाडी बसली. रेडिएटरचा पाइप फुटून पाणी वाहून गेलं होतं आणि गरमीचा काटा तर केव्हाच बंद पडलेला. आत लग्नाची माणसं होती, मुहूर्ताची घाई होती. सेवाला वास आला तेव्हा वेळ निघून गेली होती. इंजिनानं आतून एक कोरडा आवाज काढला आणि जाम झालं. लोकांना दुसऱ्या जीपमध्ये बसवून दिलं आणि सेवा ट्रॅक्टरच्या मागं दोरीला बांधलेल्या गाडीत स्टिअरिंग धरून औंढ्याला आला.

गोपीचंद मिस्त्रीनं हेड खोललं, बोट फिरवून बघितलं आणि हात पुसले. ब्लॉकला चीर गेली होती. बोअर मारून, पिस्टन बदलून हे इंजिन उभं करता येईल, पण ते किती दिवस टिकेल याची जबान मी देत नाही, असं तो म्हणाला. त्यापेक्षा नांदेडहून तयार इंजिन आण. तयार म्हणजे दुसऱ्या गाडीचं जुनंच, पण पार खोलून, झिजलेलं सगळं बदलून, पुन्हा बांधून, चालवून बघितलेलं. आणायचं आणि बसवायचं. चार दिवसांचं काम.

सेवा नांदेडला गेला. रतनसिंग नावाचा एक म्हातारा सरदार अशी इंजिनं बांधायचा. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर इंजिनं ओळीनं ठेवलेली, काळा-हिरवा रंग दिलेली, तोंडं चिंध्यांनी बंद केलेली. सेवाला वाटलं होतं की इंजिन म्हणजे सगळं आलं. रतनसिंगनं त्याला बसवून नीट समजावलं. सेल्फ, डायनामो, पंखा हे तुझ्या जुन्याचंच काढून याला लावायचं. क्लच प्लेट मात्र नवी टाक, इंजिन खाली उतरलंच आहे तर. रेडिएटर धुऊन घे, नाहीतर जुना गाळ नव्या इंजिनात जाईल. जुनं इंजिन इथं आणून जमा करायचं, त्यावरच हा सौदा. आणि इंजिनाचा नंबर बदलला, तो परभणीला जाऊन गाडीच्या कागदावर चढवून घ्यायचा, तो आळस करू नको. सहा महिन्यांची गॅरंटी त्यानं स्वतःच्या तोंडानं दिली. मग इंजिनावर हात ठेवून म्हणाला, "इंजन मैंने बना के दिया, मगर पहले हजार किलोमीटर तुम्हारे हाथ में हैं. खाली गाडी चलाना. धीरे."

सेवानं विचारलं, खाली म्हणजे सवारी एकही नाही का?

"एखाद-दुसरा आदमी चलेगा. बारात नहीं."

जानेवारीत गोपीचंदच्या गॅरेजात लोखंडी तिपाईला साखळी-पुली लावून नवं इंजिन गाडीत उतरवलं. एका बाजूचं रबर बसेना, सायलेन्सरचा पाइप थोडा कापून जोडावा लागला. चार दिवसांचे आठ दिवस झाले. जुनं इंजिन टेंपोत चढवलं तेव्हा सेवा उगाच त्याच्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. पहिल्यांदा चालू केलं तर एवढा निळा धूर निघाला की समोरचा हॉटेलवाला धावत आला. सेवाचा चेहरा उतरला. गोपीचंद म्हणाला, आत लावलेलं ऑईल जळून राहिलंय, थांब जरा. खरंच, थोड्या वेळात धूर विरला आणि आवाज एकसारखा झाला.

मग गोपीचंदनंही तेच सांगितलं. चाळीसच्या पुढं जायचं नाही. एकाच वेगात सारखं पळवायचं नाही, उभ्या उभ्या चालू ठेवायचं नाही. रोज सकाळी ऑईल आणि पाणी पाहायचं. घाटात जोर द्यायचा नाही. हजार भरले की गाडी आणायची, हेडचे बोल्ट पुन्हा आवळू, ऑईल बदलू. त्यानंतर काय भरायचं ते भर. शिवरात्रीच्या आत हे सगळं व्हायला हवं होतं, कारण यात्रेचे ते दिवस गेले तर वर्षाची कमाईच गेली.

सेवा रिकामी गाडी घेऊन हिंगोलीला जाऊन आला. रस्त्यात ओळखीची माणसं हात करत होती, तो थांबत नव्हता. एक जण तर मागून ओरडला की सेवा आता मोठा माणूस झाला. स्टँडवरचे ड्रायव्हर हसायचे. सगळ्यांनीच इंजिनं बदलली होती आणि पहिल्याच दिवशी दहा-बारा माणसं कोंबली होती. सेवाला पटत होतं आणि पटत नव्हतं. एकट्यानं, विनाकारण, चाळीसच्या वेगानं डिझेल जाळत फिरायचं म्हणजे त्याला कसंतरीच वाटायचं. वीस वर्षं तो ड्रायव्हर होता, पण कुठंही जायचं नसताना गाडी कधी चालवली नव्हती.

तिसऱ्या दिवशी तो दुपारी जेवायला घरी आला. धुरपताबाई चुलीपुढं बसून भाकरी टाकत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "एका माणसाचं वजन चालतं का त्या इंजिनाला?"

"कुणाचं?"

"माझं."

सेवाचा घास हातातच राहिला. त्यानं हे एकदाही मनात आणलं नव्हतं. रतनसिंगनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, तरी नाही. तो म्हणाला, "चालतं."

"मग मला वसरामकडं घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तयार होऊन आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात एक पिशवी, तिच्यात शेंगदाण्याचे लाडू आणि भावजयीसाठी चोळीचं कापड. तिनं मागचं दार उघडलं. सेवा म्हणाला, पुढं बस. ती पुढं बसली, पण दाराला इतकी चिकटून की मधे दोन माणसं मावली असती. काच खाली कशी करायची ते तिला माहीत नव्हतं. बाहेरून ती काच रोज पुसत होती. सेवानं हात पुढं करून हँडल फिरवून दाखवलं.

चाळीसच्या वेगानं हिंगोली आली, गेली. एसट्या, ट्रक, जीपा, सगळे त्यांना ओलांडून जात होते. एका मोटारसायकलवाल्यानं तर मागं वळून पाहिलं. इंजिनावर जोर नव्हता म्हणून गाडीत आवाजही फारसा नव्हता, हळू बोललेलं ऐकू येत होतं. दोघं त्यांच्या गोरमाटीत, बंजारा बोलीत, बोलत होती. खरं तर बोलत होती ती. सेवा ऐकत होता. शेतात हरभरा घाट्यावर आला होता, करडईला पिवळी फुलं होती. एक एक बघून ती काही सांगायची. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, तेव्हा वसराम वर्षाचा होता. खडीच्या ढिगाच्या सावलीत ती त्याला ओढणीखाली घेऊन बसायची. एकदा त्यानं बारकासा खडा तोंडात घातला आणि गिळला, आणि हिनं भीतीनं कुणाला सांगितलंच नाही. चार दिवस त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "अजून कुणाला सांगितलं न्हाई," ती म्हणाली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि हे सेवा पहिल्यांदा ऐकत होता. त्याला वाटलं, आपण हिला कधी इतका वेळ बसलेलं पाहिलंच नाही.

पैनगंगेचा पूल आला तशी ती दारापासून थोडी आत सरकली आणि पुढं वाकून समोर बघायला लागली. चढाच्या आधी सेवानं गाडी झाडाखाली लावली, कारण घाटात जोर द्यायचा नव्हता. वरचा टप्पा दोघं पायी गेली. तो सावकाश चालत होता. ती पुढं जायची, थांबायची, पुन्हा पुढं जायची.

तांडा रिकामा होता. घरांना कुलपं, दारांपुढं बाभळीच्या काट्या लावलेल्या. एक-दोन म्हातारी माणसं आणि कोंबड्या. वसरामच्या घरालाही कुलूप होतं. धुरपताबाईनं काटी बाजूला केली, कुलपाला हात लावला, आणि तशीच उभी राहिली.

शेजारच्या घरातून तिची चुलती, रुख्मिणीबाई, काठी टेकत बाहेर आली. तिला आता नीट दिसत नव्हतं. कोण आहे म्हणून विचारलं आणि नाव ऐकताच काठी सोडून दिली. आमच्याकडं बंजारा बायका बऱ्याच वर्षांनी भेटल्या की गळ्यात गळा घालून सुरात रडतात. काय काय झालं, कोण गेलं, कुणाची आठवण कशी आली, ते सगळं त्या रडण्याच्या सुरातच एकमेकींना सांगतात. सेवा बाजूला दगडावर बसून राहिला. धुरपताबाईनं आपल्या आईचं मरण त्या दिवशी पुरतं ऐकलं.

मग पाणी पिऊन रुख्मिणीबाईनं वसरामचं सांगितलं. दसरा झाला की तांडा ऊसतोडीला जातो. वसराम आणि त्याची बायको निर्मला चार वर्षांपासून जातात. दिवाळी उसाच्या फडातच होते.

"कोणत्या मुलुखाला जातो?" धुरपताबाईनं विचारलं.

"तुझ्याच तिकडं की. वसमतकडं."

वसमत म्हणजे धुरपताबाईच्या सासरच्या तांड्यापासून तासाभराचा रस्ता. चार वर्षं ती दिवाळीत या डोंगराच्या दिशेनं तोंड करून वाट बघत होती, आणि भाऊ तिच्या पाठीमागं ऊस तोडत होता. लाडू आणि चोळीचं कापड तिनं चुलतीच्या हातात दिलं. उतरताना ती सेवाच्या मागं मागं चालत आली. परतीच्या वाटेवर ती दाराकडे नाही, मधे बसली होती. कळमनुरी आली तशी म्हणाली, "त्यानं काहून कळवलं न्हाई?" सेवा म्हणाला, आपण त्यालाच विचारू. अजून गाडी पुष्कळ चालवायची आहे.

वसमतकडच्या कालव्याखालच्या भागात शिवारच्या शिवार उसाचं. टोळ्या आज इथं तर उद्या तिथं. पहिला दिवस असाच गेला. एका गावाच्या बाहेर पाचटाच्या कोप्या, तोडकऱ्यांच्या झोपड्या, दिसल्या म्हणून धुरपताबाई धावत गेली तर ती टोळी बीडकडची निघाली. दुसऱ्या ठिकाणी नुसत्या विझलेल्या चुली होत्या. टोळी आदल्या दिवशीच हलली होती. तिथं मातीत एक फुटकी काचेची बांगडी पडली होती ती तिनं उचलून पाहिली आणि परत टाकली. सेवा गाडी हळू चालवायचा, ती खिडकीतून दोन्ही बाजूंच्या फडांत बघत राहायची. वाकलेला प्रत्येक माणूस तिला वसराम वाटायचा. इतकं हळू चाललोय म्हणून बरं आहे, असं एकदा म्हणाली, नाहीतर एखादं तोंड सुटलं असतं.

दोन दिवस सोडून ते पुन्हा गेले. दुपार टळत असताना कालव्याच्या वाटेला एक ट्रक अर्धा भरलेला उभा होता. फळीवरून माणसं डोक्यावर मोळ्या घेऊन चढत होती. त्यांतला एक मोळी टाकून खाली उतरला आणि गाडीकडे बघत तसाच थांबला. धुरपताबाईनं ओळखलं ते त्याच्या थांबण्यावरून. गाडी पुरती थांबायच्या आत तिनं दार उघडलं होतं.

वसराम खूप वाळला होता. तोंडावर, हातांवर पाचटानं चिरलेल्या रेघा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. ती त्याच्या गळ्यात पडली आणि सुरात रडायला लागली. ट्रकवरची माणसं हातातलं काम थांबवून मुकाट उभी राहिली. त्यांच्याही बहिणी कुठंतरी होत्या. वसराम हात अंगापासून लांब धरून उभा होता, तिचं लुगडं खराब होईल म्हणून.

निर्मला मोळी बांधता बांधता उठून आली, नणंदेच्या पाया पडली. मुकादमानं सांगितलं की ट्रक भरेपर्यंत बोला, मग मात्र यावं लागेल. सेवानं वसरामला गाडीत बसवलं, पुढं, बहिणीच्या शेजारी. निर्मला येईना. दोघंही गेलो तर मोळ्या कोण बांधेल, म्हणाली, आणि परत फडात गेली.

सेवानं गाडी कालव्याच्या वाटेनं सोडली. कुठं जायचं होतं असं नाही. वसराम सीटच्या कडेला बसला होता, पाठ न टेकता.

धुरपताबाई म्हणाली, "इतक्या जवळ होतास. माझ्या घरी काहून आला न्हाईस?"

"असा येऊ? बहिणीच्या दारी? हातात काही न्हाई, अंगावर हे असं."

"तुला कडेवर घेतला तवा कोणते कपडे होते तुझ्या अंगावर?"

वसराम सेवाकडे वळून म्हणाला, "दाजी, तुमची गाडी मी दोनदा पाह्यली. याच रोडला. फुलं लावलेली होती. एकदा मी हात वर केला."

सेवानं विचारलं, "मग?"

"मग खाली घेतला. आत नवरदेव होता."

रस्त्याच्या कडेला हात करणारी माणसं सेवाला रोज दिसायची, आणि गाडी भरलेली असली की त्यांची तोंडं तो बघत नसे. त्यातलं एक तोंड वसरामचं होतं. त्यानं गाडी आणखी हळू केली. कालव्याचं पाणी बाजूनं वाहत होतं. धुरपताबाईनं भावाच्या बोटांवरच्या चिंध्या सोडल्या, गाडीतल्या बाटलीच्या पाण्यानं त्याचे हात धुतले, आणि स्वतःच्या पदराचा काठ फाडून पुन्हा बांधल्या. ते चालू असताना ती त्याला घरच्या गोष्टी सांगत होती. लेक सुनिताचं लग्न झालं, पोरगा योगेश पुण्याला कंपनीत लागला. वसराम ऐकत होता, मधूनच हुं म्हणत होता, आणि हळूहळू त्याची पाठ सीटला टेकली. थोड्या वेळानं बोलणं थांबलं म्हणून सेवानं बघितलं तर वसरामचा डोळा लागला होता. धुरपताबाईनं सेवाला खुणेनं सांगितलं, चालवत राहा.

तो चालवत राहिला. कालव्याच्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. ट्रक दिसू लागला तेव्हा तो जवळजवळ भरला होता. तिनं भावाला हलवून उठवलं. एक दिवस तरी घरी चल, असं तिनं म्हणून पाहिलं. वसराम म्हणाला, हंगाम चालू असताना निघता येत नाही, जोडीतला एक गेला की दुसऱ्याचंही काम बंद. पट्टा पडला, कारखाना बंद झाला, की येतो. नक्की येतो. तो उतरला, दोन पावलं गेला आणि पूर्वी दिवाळी करून जायचा तसा मागं वळून बघत फडात शिरला.

हजार भरले तशी सेवानं गाडी गोपीचंदकडे नेली. गोपीचंदनं बोल्ट आवळले, काळं ऑईल काढून नवं टाकलं, आवाज ऐकला आणि म्हणाला की इंजिन मोकळं झालं, आता बिनधास्त भर. शिवरात्रीला गाडीला क्षणाची उसंत नव्हती. यात्रेकरू, मग लग्नं. नव्या इंजिनानं चढावर पूर्वीसारखं कण्हणं सोडून दिलं होतं. लोक म्हणायचे, सेवा, इंजिन लाभलं तुला. तो व्हय म्हणायचा. पण पुढच्या सीटवर वऱ्हाडी येऊन बसले, मोठ्यानं बोलायला लागले, की त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. डाव्या बाजूला कुणीतरी बारीक आवाजात काही सांगत असावं, असं वाटत राहायचं. घरी आल्यावर तो धुरपताबाईशी बोलायला जायचा तर ती कामात असायची, आणि चुलीपुढं उभं राहून काय बोलायचं ते त्याला सुचायचं नाही. तीही पुन्हा काही म्हणाली नाही. सकाळी गाडी धुवायची, दारात उभी राहायची.

एप्रिलात उसाचा पट्टा पडला. वसराम आणि निर्मला फाट्यावर उतरून पायी बहिणीच्या तांड्यावर आली, एक रात्र राहिली. त्या दिवशी सेवा वऱ्हाड घेऊन तुळजापूरला गेला होता. तो दुसऱ्या दिवशी परतला तेव्हा दोघं नुकतीच निघून गेली होती. टोळीचा ट्रक हिंगोलीहून सुटणार होता. धुरपताबाईनं त्याला सगळं सांगितलं. वसराम काय जेवला, किती झोपला, निर्मलेनं कशी भांडी घासू दिली नाहीत, जाताना त्यानं दातणासाठी दारातल्या कडुनिंबाच्या किती डहाळ्या मोडल्या. सांगताना ती हसली. वाट बघितली त्यानं तुमची, म्हणाली, फाट्यावर जाईपर्यंत बघत होता.

दोन दिवसांच्या प्रवासानं सेवाचं अंग आंबलं होतं. संध्याकाळी पुसेगावचं एक वऱ्हाड आणायला जायचं ठरलेलं होतं. शेजारच्या किराणा दुकानातून त्यानं फोन लावून त्यांना दुसरी गाडी बघायला सांगितलं. परत येऊन म्हणाला, "चल, सिद्धेश्वरापर्यंत जाऊन येऊ."

"तिथं काय हाय?"

"काही न्हाई. पाणी हाय."

"आता कशाला? इंजिन तर मोकळं झालं."

"तरी चल."

ती आत गेली, तोंड धुऊन आली आणि गाडीचं पुढचं दार तिनं स्वतः उघडलं.

सिद्धेश्वर धरणाच्या भिंतीजवळ ते पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. भोई लोक जाळी वाळत घालत होते. पाणी उन्हाळ्यानं बरंच मागं गेलं होतं, मधली माती तडकून पडली होती. दोघं गाडीतच बसून राहिली, काचा खाली करून. पाण्यावरून वारा येत होता आणि तिचा पदर सेवाच्या हाताला लागत होता. मग ती उत्तरेकडच्या धूसर टेकड्यांकडे बघत म्हणाली, "वसराम आता पैनगंगा ओलांडून राहिला असंल."

सेवानं हिशेब केला. ट्रक हिंगोलीहून केव्हा सुटला असेल, रस्ता कसा आहे. "व्हय," तो म्हणाला. "आता पुलावरच असंल."